भीड आणि मौन

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या त्रिदिनी प्रार्थनेंत दुसऱ्या संध्याकाळीं केलेलें भाषण)



काल आपण पूर्वजांचे उपकार आठवले. उद्यां पुढील पिढीसाठीं प्रार्थना करूं. मधल्या या संध्याकाळीं कशावर बोलावें, असा आम्हांस प्रश्न पडला होता. तो महोत्सव-समितीच्या बैठकीनेंच सोडविला. संगमरवरी पाटीवर कोणाचें नांव आधीं यावें, स्मरणिकेंत कोणाचें छायाचित्र पूर्ण पानाचें व कोणाचें अर्ध्या पानाचें असावें, यावर रात्रीं साडेदहापर्यंत चर्चा चालली. कोणी भांडलें नाहीं. सर्वच एकमेकांस 'हो, हो' म्हणत होते, आणि म्हणूनच कांहीं ठरेना. अध्यक्षस्थानीं आम्ही होतों. आम्हींही तीन परस्परविरुद्ध सूचनांना मान डोलविली. निवासाकडे परततांना मनांत आलें कीं, हा आपल्या समाजाचा जुना आजार आहे, आणि आमचा स्वतःचाही. त्याचें नांव भीड.

भीड हा शब्द मोठा सौम्य आहे. गर्व, लोभ, मत्सर, क्रोध हीं पापें आपण लहानपणीं धर्मशिक्षणाच्या वर्गांत पाठ केलीं. भीड त्या यादींत नव्हती. उलट भिडस्त मनुष्य म्हणजे सज्जन, कोणाचें मन न मोडणारा, असेंच आपण मानतों. जुनीं माणसें अधिक शहाणीं होतीं. तीं भिडेला भिकेची बहीण म्हणत. भिकारी हात पसरतो तो चार पैशांसाठीं. भिडस्त मनुष्य हात पसरतो तो समोरच्याच्या चेहऱ्यावरील प्रसन्नतेसाठीं, आणि ती मिळाली नाहीं तर त्याला रात्रभर झोंप येत नाहीं. दुसऱ्यावर प्रेम करणें निराळें आणि दुसऱ्यास खूष ठेवणें निराळें. पहिल्यांत दुसऱ्याच्या हिताची काळजी असते. दुसऱ्यांत आपण त्याच्या डोळ्यांत कसे दिसतों याची.

असा मनुष्य बाहेर पाहूं नये, घरीं पाहावा. लग्नाच्या मांडवांत, पतपेढीच्या निवडणुकींत, मयताच्या दारीं तो सर्वत्र पुढें. कोणाचेंही काम अडूं देणार नाहीं. घरीं मात्र कालवणांत मीठ कमी पडलें तर ताट सरकवितो. दिवसभर गिळलेले सगळे 'नाहीं' त्याला बायकोपोरांवर ओकावयाचे असतात. रात्रीं त्याला रागाचा पश्चात्ताप होतो व तो खरा असतो; पण तो राग ज्या खोट्या 'हो' मधून उपजला, त्या 'हो' चा त्याला पत्ताही नसतो. स्त्रियांच्या बाबतींत हा आजार वेगळें रूप घेतो. तेथें रागाऐवजीं डोकेदुखी येते, थकवा येतो, आणि देवळांत गुडघे टेकले असतांही डोक्यांत जावेचे शब्द फिरत राहतात.

'ऐकावें जनाचें, करावें मनाचें' ही आपल्या भाषेंतील म्हण आम्हांस फार आवडते. परंतु भिडस्ताला ती लागू पडत नाहीं; कारण त्याच्या मनांतही जनच बसलेले असतात. तो मनाला विचारूं जातो, आणि उत्तर येतें तें शेजाऱ्याचें, काकाचें, गांवांतील चार वजनदार माणसांचें. हे पाहुणे उठून गेल्याखेरीज घरधन्याचा आवाज ऐकूं येणार कसा?

भीड किती अनर्थ करूं शकते, हें पवित्र शास्त्रांत उघड लिहिलें आहे. पिलाताला आपल्यासमोर उभा असलेला मनुष्य निर्दोष आहे हें कळलें होतें. संत मार्क सांगतो कीं, जमावाला संतुष्ट करण्यासाठीं त्यानें त्याला क्रुसाच्या स्वाधीन केलें. पिलात आपला कोणी नव्हता, असें म्हणून आपण सुटूं. पण संत पेत्राचें काय? अंत्युखियांत तो परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांबरोबर एका पंक्तीला बसत असे. यरुशलेमेहून कांहीं मंडळी आली, आणि त्यांच्या भीतीनें तो हळूंच त्या पंक्तींतून उठला. त्याचें पाहून बर्णबाही उठला. संत पौलानें त्याला तोंडावर दोष दिला, व ही हकीकत गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. ज्याच्यावर ख्रिस्तसभा उभारली तोही पाहुण्यांच्या भिडेस बळी पडला, हें वाचून आम्हांस नेहमींच थोडा धीर येतो आणि थोडी लाजही वाटते.

लाज वाटण्याचें कारण आतां सांगतों. सुमारें बावीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामांत होतों. ज्या भगिनीची ही हकीकत आहे तिची अनुमति आम्हीं पत्र लिहून घेतली आहे. गांव व नांव सांगणार नाहीं, आणि कोणीं तें शोधण्याचा प्रयत्नही कृपा करून करूं नये.

एका गुरुवारीं जपमाळेची प्रार्थना आटोपून लोक घरोघर गेले असतां एक तरुण मुलगी निवासामागील विहिरीजवळ येऊन उभी राहिली. तिचें लग्न ठरलें होतें आणि येत्या रविवारीं देवळांत पहिली घोषणा व्हावयाची होती. ती म्हणाली, "फादर, मला हें लग्न नको आहे. घरीं बोलायची माझी छाती होत नाहीं. तुम्ही बाबांना सांगाल कां?" तिचे वडील गांवांतील वजनदार गृहस्थ होते. देवळाच्या पडवीवर नवें छप्पर घालण्याचें त्यांनीं नुकतेंच कबूल केलें होतें. आम्हीं तिला काय उत्तर दिलें असेल? "प्रार्थना कर, बाळ. देव सगळें नीट करील." शब्द पवित्र होते, पण ते आम्हीं तिला वाटेला लावण्यासाठीं वापरले. बळजबरीनें अथवा धाकानें झालेला विवाह ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणें विवाहच नव्हे, हें आम्ही सेमिनरींत शिकलों होतों. परीक्षेंत त्याचें उत्तर बरोबर लिहून गुणही मिळविले होते. विहिरीपाशीं तें आठवलें नाहीं. त्या रविवारीं आम्हीं पहिली घोषणा वाचली, पुढच्या रविवारीं दुसरी. वडील पुढच्या बांकावर बसले होते व त्यांनीं आमच्याकडे पाहून समाधानानें मान हलविली. ती मान हललेली आम्हांस बरें वाटलें, हेंही सांगून टाकतों.

त्याच संध्याकाळीं आम्ही धर्मगुरूंच्या वार्षिक तपसाधनेस गेलों. शनिवारीं सकाळपर्यंत मौन पाळावयाचें होतें. आपणांस वाटत असेल कीं, मौन पाळलें म्हणजे मन लगेच डोहासारखें स्वच्छ होतें. तसें कांहीं होत नाहीं. पहिला दिवस आम्हीं मौनांत लोकांशीं बोलण्यांतच घालविला. कोणाला काय उत्तर द्यावयास हवें होतें, कोण आपल्यावर रुसला असेल, परतल्यावर कोणाकडे आधीं जावें, याचीं भाषणें मनांत चाललीं होतीं. दुसऱ्या दिवशीं याहून हंसण्यासारखें झालें. पवित्र साक्रामेंतासमोर सर्वांहून अधिक वेळ गुडघे टेकून राहिलों, आणि ध्यान देणाऱ्या वृद्ध फादरांनीं तें पाहिलें कीं नाहीं हें हळूंच डोळा उघडून तपासलें! देवासमोरही आम्ही माणसालाच खूष करीत होतों.

तिसऱ्या दिवशीं त्या वृद्ध फादरांनीं संत इग्नाशियस लोयोला यांची गोष्ट सांगितली. ती आम्हीं शंभरदां ऐकली होती. तुम्हींही ऐकली असेल. 1521 सालीं पांप्लोनाच्या लढाईंत तोफेच्या गोळ्यानें त्यांचा पाय मोडला. हाड नीट सांधलें नाहीं व गुडघ्याखालीं एक उंचवटा राहिला. त्या काळीं दरबारी तरुण जे घट्ट बूट घालीत, ते त्या पायाला शोभले नसते. एवढ्याच कारणासाठीं त्यांनीं तें वर आलेलें हाड कापून काढावयास लावलें, आणि तेंही भुलीचें औषध ठाऊक नसलेल्या काळांत. लोकांच्या नजरेसाठीं मनुष्य किती सोसूं शकतो! ख्रिस्तासाठीं एवढें सोसावयास कोणीं सांगितलें असतें तर आपण म्हटलें असतें, हें फार होतें.

नंतर अंथरुणावर पडून राहणें आलें. पराक्रमाच्या कथांचीं पुस्तकें त्यांना हवीं होतीं, तीं त्या घरांत मिळालीं नाहींत. ख्रिस्तचरित्र व संतचरित्रें तेवढीं मिळालीं. तासन् तास ते एका थोर घराण्यांतील स्त्रीचा विचार करीत. तिच्यासमोर कसें जावें, कोणते शब्द बोलावे, कोणता पराक्रम करून दाखवावा! मग कधीं संतांचा विचार येई. दोन्ही विचार चालू असतां गोडच वाटत. पण पुष्कळ दिवसांनीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, पहिला विचार संपला म्हणजे मन कोरडें व असमाधानी राहतें, आणि दुसरा संपल्यावरही आनंद मागें उरतो. एवढेंच. कोणतेंही दर्शन नाहीं, आकाशवाणी नाहीं. पुढें 1522 व 1523 सालीं मानरेसा गांवीं त्यांनीं जी साधना केली, व जिचें पुस्तक तिसऱ्या पौल पोपमहोदयांनीं 1548 सालीं मान्य केलें, तिचें बीज त्या अंथरुणावर पडलेलें होतें. गर्दींत असते तर त्यांना हा फरक कळला नसता. कारण एक टाळी विरण्यापूर्वींच दुसरी ऐकूं येते, आणि तिच्या मागून येणारा कोरडेपणा मनुष्याला जाणवतच नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं आपल्या गेल्या महिन्याकडे याच दृष्टीनें पाहूं लागलों. कोठें कोरडेपणा उरला आहे? विहिरीपाशीं येऊन विचार थांबला. ती मुलगी काय बोलली तें शब्दशः आठवलें. मग तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणण्याचा प्रयत्न केला, आणि तो आठवेना. पुष्कळ वेळ बसलों, तरी आठवेना. हळूहळू कारण लक्षांत आलें. ती बोलत असतां आम्हीं तिच्याकडे पाहिलेंच नव्हतें. रस्त्यावरून कोणी येत आहे कीं काय, इकडे आमचे डोळे होते.

बंधूंनो, आमच्या आयुष्यांत मौनानें केलेलें सर्वांत मोठें काम तें. त्यानें शांति दिली नाहीं. आधीं झोंप उडविली. शनिवारीं परतल्यावर आम्हीं त्या मुलीस कॉन्व्हेंटमधील एका धर्मभगिनीच्या समक्ष पुन्हां विचारलें. तिचें उत्तर तेंच होतें. संध्याकाळीं तिच्या वडिलांकडे गेलों. ते फार बोलले नाहींत. "फादर, तुम्ही देऊळ सांभाळा, घरचें आम्ही पाहूं," एवढें म्हणून त्यांनीं दार लावून घेतलें. दुसऱ्या दिवशीं तिसरी घोषणा वाचली गेली नाहीं.

पडवीला छप्पर आलें नाहीं. दोन पावसाळे लोक छत्र्या घेऊन उभे राहिले, आणि कां भिजावें लागत आहे हें सर्वांस माहीत होतें. तें आम्हीं सोसलें व त्यांत कांहीं विशेष नाहीं. दुःख निराळें आहे. दोनदां जाहीर झालेलें लग्न मोडलें म्हणून गांवानें त्या मुलीला बोल लावला. तिला मावशीच्या गांवीं जाऊन राहावें लागलें. आम्ही त्या पहिल्या गुरुवारींच उठून गेलों असतों तर गोष्ट चार भिंतींत मिटली असती. आमच्या दहा दिवसांच्या भिडेची किंमत तिनें दोन वर्षें भरली. आज ती स्वतःच्या इच्छेनें निवडलेल्या संसारांत सुखी आहे. वडिलांनींही अखेरच्या आजारांत तिला बोलावून घेतलें. परंतु तीं दोन वर्षें कोणी तिला परत दिलीं नाहींत.

तेव्हांपासून आम्हीं मौनाचे दोन प्रकार मानूं लागलों. एक मौन भिडेचें. विहिरीपाशीं वस्तुतः आम्ही बोललों, पण तें मौनच होतें. जें सांगावयाचें तें गिळून टाकणें. दुसरें मौन देवासमोरचें, जें गिळलेलें बाहेर काढतें. पहिल्या मौनानें मनुष्य आंतून कुजतो. दुसऱ्यानें तो बरा होतो. पण वैद्यानें गळूं फोडावें तसा आधीं दुखतो. पुष्कळ लोक मौनाला भितात तें याचसाठीं, आणि घरीं आल्याबरोबर दूरदर्शन किंवा खिशांतील फोन चालू करतात.

इजिप्तच्या रानांत चौथ्या शतकांत राहणाऱ्या संत माकारियस यांची एक कथा आहे. त्यांनीं एका तरुण बंधूला कबरस्तानांत जाऊन मेलेल्यांस शिव्या द्यावयास सांगितलें, व दुसऱ्या दिवशीं त्यांचीच स्तुति करावयास पाठविलें. मेलेल्यांनीं दोन्हींस उत्तर दिलें नाहीं. तूंही तसाच हो, असा उपदेश त्यांनीं केला. कथा मार्मिक आहे, तरी खरें सांगावयाचें तर ती आमच्या गळीं पूर्णपणें उतरत नाहीं. निंदास्तुतीला बहिरें व्हावें हें ठीक; पण कबरेंतला मनुष्य विहिरीपाशीं उभ्या असलेल्या मुलीलाही बहिराच असतो. आमचें मौन असें असावें कीं, गर्दीचा आवाज कमी व्हावा आणि एकट्यादुकट्याचा हुंदका अधिक ऐकूं यावा.

प्रभु येशूनें तेंच केलें. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायांत कफर्णहूमची ती संध्याकाळ आहे. सगळें गांव दारापाशीं लोटलें होतें, आणि त्यानें पुष्कळांना बरें केलें. पहांटे, अंधार असतांच, तो उठून एकांतीं जाऊन प्रार्थना करीत बसला. शिमोन व सोबती शोधीत आले व म्हणाले कीं, सर्व लोक तुला शोधीत आहेत. आमच्यासारखा कोणी असता तर धांवत परत गेला असता. आपल्याला शोधलें जात आहे, याहून गोड शब्द भिडस्ताच्या कानीं पडत नाहीं. प्रभूनें मात्र, आपण दुसऱ्या गांवांना जाऊं, असें सांगितलें. कफर्णहूमचे लोक त्या दिवशीं नाराज झाले असावेत. एकांतांत पित्याशीं बोलून आल्यामुळें त्याला ती नाराजी पेलतां आली. आणि त्यानें लोकांना टाकलें असेंही झालें नाहीं, कारण पुढच्याच ओळींत तो एका कुष्ठरोग्याला हात लावून शुद्ध करतो.

आतां तुम्ही विचाराल कीं, शेती-वाडी, आठ-बाराची लोकल, मुलांच्या शाळा हें सांभाळून मौन कोठून आणावें? आम्ही अवघड सांगत नाहीं. रात्रीं जपमाळ आटोपल्यावर दहा मिनिटें दिवा मंद करून बसावें. देवाजवळ कांहीं मागूं नये. त्या दिवशीं आपण कोणाकोणाला 'हो' म्हटलें तें आठवावें, आणि त्यांतील कोणता 'हो' प्रेमाचा व कोणता भिडेचा होता हें प्रभूसमोर पाहावें. संत इग्नाशियस यांनीं यासाठीं कागदावर रेघा ओढून प्रत्येक चुकीस एक ठिपका द्यावयास सांगितलें आहे. दुपारीं एकदां, रात्रीं एकदां. आम्हीं तो प्रयोग केला तेव्हां पहिल्याच दिवशीं चौदा ठिपके पडले व आम्हीं वही लपवून ठेविली. ठिपके अजून पडतात. समितीच्या बैठकीच्या रात्रीं तीन पडले, हें वर आलेंच आहे. पण एक फरक झाला आहे. आतां पुष्कळदां ठिपका पडण्यापूर्वींच तो दिसतो, आणि "उद्यां सांगतों" एवढे दोन शब्द तोंडून निघतात. त्या एका रात्रीचें मौन मध्यें आलें म्हणजे उत्तर बहुधा बदलतें.

आपल्या उपासनेंतही मौनाच्या जागा राखलेल्या आहेत. पश्चात्तापाच्या प्रार्थनेपूर्वीं, वाचनांनंतर, ख्रिस्तशरीर स्वीकारल्यावर थोडा वेळ सर्वांनीं शांत बसावयाचें असतें. त्या जागा आम्ही धर्मगुरूच घाईनें बुजवून टाकतों. लोक कंटाळतील, कोणी खोकेल, गायकमंडळींस वाटेल कीं फादर विसरले! हीही भीडच. यापुढें या वेदीवर ती घाई होणार नाहीं, आणि झाली तर निवासावर येऊन आम्हांस सांगावें.

एक गोष्ट राहिली, आणि ती आम्हीं जाणूनबुजून निराळी ठेविली. कांहीं माणसें भिडेनें नव्हे, भयानें गप्प असतात. दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याची बायको, मालकाच्या दयेवर पोट असलेला गडी, मार खाऊन वाढलेलें मूल. त्यांचा 'हो' हा दोष नव्हे; तो त्यांचा आडोसा आहे. त्यांना आम्ही मौन पाळावयास सांगत नाहीं, व इतर कोणींही आमचें नांव घेऊन सांगूं नये. त्यांनीं बोलावें, आमच्याजवळ, धर्मभगिनींजवळ, जरूर तर पोलिसांजवळ बोलावें. विहीर त्या गांवीं राहिली; येथील निवासाच्या मागें आंबा आहे व त्याखालीं एक बांक आहे. तेथें कोणी येऊन बसलें तर आमचे डोळे रस्त्याकडे असणार नाहींत, एवढें वचन आम्ही या सुवर्णवर्षांत तुम्हांस देतों.

आतां पवित्र साक्रामेंत वेदीवर ठेविला जाईल. गीत होणार नाहीं, ध्वनिक्षेपकही बंद राहील. लहान मुलें रडलीं तर रडूं द्यावीं. आयांनीं त्यासाठीं बाहेर जाऊं नये. पंधरा मिनिटांनीं वेदीसेवक घंटा वाजवील. तोंपर्यंत आपण बसूं.